आईचे अठ्ठावीस, माझे अठ्ठावीस

आमच्या घरात गेल्या वर्षी एकाच दिवशी दोन कागद आले. एकावर माझ्या आईचे नाव होते, दुसऱ्यावर माझे. आईचे वय एकोणऐंशी, माझे एकोणसाठ. दोन्ही कागदांवर मधोमध, ठळक अक्षरांत एकच आकडा छापलेला होता : २८. आणि त्याखाली दोघींसाठी एकच वाक्य होते : ‘वजन कमी करण्याच्या इंजेक्शनसाठी पात्र.’ त्या एका आकड्याने पुढे आम्हां दोघींना दोन वेगळ्या वाटांनी कसे नेले, ते आज सांगावयाचे आहे. कारण असे कागद आता आपल्यापैकी अनेकांच्या घरी येऊ लागले आहेत.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा हे माझे माहेर. तलाव, धानाच्या बांध्या आणि त्यांच्या पलीकडे लगेच सुरू होणारे नागझिऱ्याचे जंगल, एवढ्यात आमचे गाव मावते. निवृत्तीनंतर मी आईजवळ राहावयास आले. आईचे गुडघे दुखतात, तिला रक्तदाबाचा त्रास आहे. जमिनीवर बसली की उठताना तिला माझा खांदा लागतो. मला स्वतःला बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तदाबही आहे. म्हणजे ज्या खांद्यावर आईचा भार, तो खांदाही पूर्ण धड नाही. ज्या घरांत साठीची मुलगी ऐंशीच्या आईला सांभाळते, त्या घरांना हे चित्र नवे वाटणार नाही.

माझा मुलगा पुण्यास नोकरी करतो. आजीच्या गुडघ्यांविषयी त्याला मनापासून काळजी. त्याच्या कार्यालयातील एकाने आठवड्यातून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन घेऊन बरेच वजन उतरविले होते. त्याने फोनवर सांगितले, ‘‘आई, आजीचे वजन उतरले की गुडघे हलके होतील. आणि तुझी साखरही आटोक्यात येईल. पैशांचा विचार करू नका.’’ त्याने शहरातील एका खासगी केंद्रात आम्हां दोघींची वेळ ठरविली. तेथे उंची मोजली, वजन केले, रक्तदाबाच्या गोळीविषयी विचारले आणि दहा मिनिटांत यंत्रातून ते दोन कागद निघाले. माझी उंची १५४ सेंटिमीटर, वजन साडेसदुसष्ट किलो. आईची उंची १४९ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. माझा आकडा २८.५, आईचा २७.९. कागदावर दोन्ही अठ्ठावीस.

परतताना आई बसमध्ये मला म्हणाली, ‘‘बाई, मी का एवढी लठ्ठ झालो? तीन वर्षांआधीचीच चोळी आताही घालतो मी.’’ त्या वेळी मी तिचे बोलणे हसून सोडून दिले. तिच्या त्या वाक्यात सारे उत्तर होते, हे मला पुढे कळले.

हा आकडा म्हणजे काय, ते आधी पाहू. इंग्रजी आद्याक्षरांनी त्यास बीएमआय म्हणतात. मराठीत शरीर वस्तुमान निर्देशांक. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. उंची दीड मीटर असेल तर दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन. वजन ५४ किलो असेल तर ५४ भागिले सव्वादोन, उत्तर २४. एवढेच गणित. ते चौथीच्या नव्हे, तर सातवीच्या मुलालाही कागद-पेन्सिलीने करता येते. यंत्र लागत नाही.

या गणिताचा जन्म दवाखान्यात झालेला नाही. बेल्जियमचे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते मांडले. त्यांना शोध घ्यावयाचा होता तो ‘सरासरी माणसा’चा, म्हणजे मोठ्या लोकसमूहाचा. एखादी व्यक्ती आजारी आहे की निरोगी, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. पुढे १९७२ साली अमेरिकेतील अॅन्सल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतील निरोगी पुरुषांची मोजमापे पडताळून याच गणितास आजचे नाव दिले. ध्यानात घ्या : समूहासाठी जन्मलेला, पुरुषांच्या मापांवर पडताळलेला हा आकडा आज चोरखमाऱ्याच्या एकोणऐंशी वर्षांच्या बाईचे औषध ठरवू पाहत होता. आकडा खोटा नव्हता. त्याला जे ठाऊक नव्हते, ते त्याच्याकडून कोणी विचारू नये एवढेच.

त्याला ठाऊक नसते ते काय? वजनातील किती भाग चरबीचा, किती स्नायूंचा, किती हाडांचा आणि किती नुसत्या पाण्याचा, हे त्याला कळत नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या पुण्यातीलच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही निर्देशांक अगदी एकच : २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आकडा एक, शरीरे दोन. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांच्या अभ्यासात याज्ञिक यांच्या गटास हेच दिसले होते. आपली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने पुष्कळ कमी भरतात, परंतु त्यांची त्वचेखालची चरबी त्या मानाने राखलेली असते. आपण अंगाने बारीक दिसतो आणि आतून चरबी बाळगतो.

म्हणूनच भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा खाली ओढली गेली. जगात सामान्यतः २५ च्या वर वजन अधिक आणि ३० च्या वर लठ्ठपणा समजतात. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी या रेषा २३ आणि २५ अशा ठरविल्या. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर तो धोक्याचा समजावा, हेही सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी या व्याख्येची पुन्हा फेरमांडणी केली. नुसता आकडा वाढला आहे की त्याच्यासोबत पोटाचा घेर आणि प्रत्यक्ष आजारही आहेत, असे दोन टप्पे त्यांनी वेगळे केले. म्हणजे आकडा हा दार ठोठावणारा पाहुणा. त्याला घरात घ्यावे की ओसरीवरूनच पाठवावे, हे बाकीची तपासणी ठरविते.

आता इंजेक्शनांकडे येऊ. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड ही त्यांतील दोन औषधांची नावे. दुसरे मौंजारो या नावाने मार्च २०२५ मध्ये आणि पहिले वजनासाठी वेगोव्ही या नावाने जून २०२५ मध्ये भारतात विक्रीस आले. जेवल्यानंतर आपल्या आतड्यांतून काही संप्रेरके रक्तात उतरतात. ती मेंदूला ‘पोट भरले’ असे सांगतात, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात आणि साखर चढली असेल तर इन्सुलिनला साद घालतात. ही औषधे त्याच संप्रेरकांची नक्कल करतात. भूक कमी लागते, माणूस थोडक्यात तृप्त होतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांनी सरासरी वजन सुमारे १५ टक्के घटले. नुसती खोटी सुई घेणाऱ्यांचे अडीच टक्केही नाही. या औषधांत दम आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

ती कोणासाठी? औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात मर्यादा अशी आहे : निर्देशांक ३० किंवा अधिक; अथवा २७ किंवा अधिक असून सोबत रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेदाचा विकार किंवा झोपेत श्वास अडखळणे यांसारखा वजनाशी जोडलेला एक तरी आजार. आणि तेही आहार व व्यायाम यांच्या जोडीने, त्यांच्याऐवजी नव्हे. येथे तुम्ही विचाराल, ‘भारतीयांना २५ लाच लठ्ठ म्हणता, मग औषध २७ पासून का?’ प्रश्न रास्त आहे. औषधाची मर्यादा ज्या चाचण्यांवरून ठरली, त्या चाचण्यांत घेतलेली माणसे त्या आकड्यांची होती. आजार ओळखण्याची रेषा आणि औषध देण्याची रेषा, या दोन वेगळ्या रेषा आहेत. पहिली ओलांडली म्हणजे जागे व्हावे. दुसरी ओलांडली म्हणजे औषधाची चर्चा सुरू करावी. चर्चा, औषध नव्हे.

‘पात्र’ या शब्दात मी फसले ते येथेच. शाळेत आयुष्यभर शिष्यवृत्तीच्या याद्या केल्या. त्यांत पात्र म्हणजे मिळणारच, आणि मिळत असेल तर सोडू नये, अशी आमची बुद्धी. औषधाच्या बाबतीत पात्र याचा अर्थ एवढाच, की विचार करण्यास हरकत नाही.

मुलगा घाई करीत होता, परंतु सुई सुरू करण्याआधी गोंदियातील आमच्या नेहमीच्या फिजिशियन डॉक्टरांना एकदा दाखवावे, असे मला वाटले. त्यांनी कागद पाहिला, बाजूला ठेवला आणि आईला विचारले, ‘‘आजी, तुमची उंची पूर्वी किती होती?’’ आईला काय ठाऊक असणार! परंतु मला आठवले. २००३ साली माझ्या शाळेत आरोग्य तपासणीचे शिबिर भरले होते, तेव्हा आईलाही मी नेले होते. त्याचे कार्ड घरी पेटीत, सातबाऱ्याच्या कागदांत होते. पुढच्या खेपेस ते घेऊन गेले. त्यावर उंची १५२ सेंटिमीटर.

वीस-बावीस वर्षांत आई तीन सेंटिमीटर खुजी झाली होती. म्हातारपणी मणक्यांमधील चकत्या झिजतात, पाठ वाकते, ठिसूळ झालेले मणके हळूहळू दबतात, आणि उंची घटते. गणित उंचीच्या वर्गाने भागते, म्हणून उंची थोडी घटली तरी आकडा चांगलाच वर सरकतो. बासष्ट किलोच धरले, तरी १५२ सेंटिमीटरला आकडा येतो २६.८ आणि १४९ ला २७.९. मधली २७ ची रेषा आईने एक घासही अधिक न खाता ओलांडली होती. तिच्या चोळीला जे कळले होते, ते यंत्राला कळले नव्हते.

नंतर डॉक्टरांनी तिच्या पायाच्या घोट्यावर बोट दाबून धरले. बोट काढल्यावर तेथे खळगा राहिला. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पायांवर सूज येते, आणि आईची गोळी त्यांतलीच होती. हृदय आणि मूत्रपिंड तपासून, ती ठीक आहेत हे पाहून त्यांनी गोळी बदलली. तीन आठवड्यांत सूज ओसरली आणि वजन साडेसाठ किलोवर आले. हा दीड किलो चरबी नव्हती, पाणी होते. जुन्या उंचीने मोजले तर आता आकडा २६.२. जो कागद तिला पात्र ठरवीत होता, त्याच्या खालची जमीनच सरकली.

पण खरी तपासणी पुढेच होती. डॉक्टरांनी एक साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि आईला हात छातीवर बांधून पाच वेळा उठण्या-बसण्यास सांगितले. हात न टेकता ती एकदाही उठू शकली नाही. हात टेकून पाच वेळा उठण्यास तिला एकोणीस सेकंद लागले. आशियातील वृद्धांसाठी तज्ज्ञांनी २०१९ साली जी मापे ठरविली आहेत, त्यांनुसार हात न टेकता यास बारा सेकंदांहून कमी वेळ लागावयास हवा. पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजावा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास स्नायू झिजल्याची शंका घ्यावी. आईची पोटरी, सूज उतरल्यावर, ३१ भरली. पाठीच्या एक्स-रेत एक मणका दबलेला दिसला. वरून अठ्ठावीस असलेली माझी आई आतून दुबळी झाली होती. तिचे वजन हा तिचा पहिला शत्रू नव्हता. तिच्या मांडीतील ताकद सरत चालली होती, हा होता.

अशा माणसाला भूक मारणारे औषध दिले तर काय होते, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले आणि ते मी तुमच्यापुढे ठेवते. या इंजेक्शनांनी घटणारे सारे वजन चरबीचे नसते. चाचण्यांत मोजले गेले तेव्हा घटलेल्या वजनाचा पाव भाग, काहींत तर त्याहून बराच अधिक भाग, चरबीखेरीजच्या ऊतींचा होता. त्यांत स्नायूही आले. चाळीस-पन्नाशीच्या माणसाजवळ स्नायूंची शिल्लक असते आणि व्यायामाने ती भरून येते. ऐंशीच्या माणसाजवळ शिल्लकच नसते. शिवाय मळमळ, उलटी, जुलाब वा बद्धकोष्ठ हे या औषधांचे नेहमीचे त्रास. म्हातारपणी तहान आधीच कमी; त्यात उलट्या झाल्या तर अंगातील पाणी घटते, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. उठताना भोवळ आली की पडणे, आणि ठिसूळ हाडांचे पडणे म्हणजे खुब्याचे हाड. पुढचे तुम्हांस सांगावयास नको.

आई सारे ऐकत होती. ती डॉक्टरांना म्हणाली, ‘‘साहेब, मले वजनाचं भेव नाही, पडाचं भेव हाय.’’ दहा मिनिटांत कागद काढणाऱ्या त्या केंद्रात तिला हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. मीही नाही. तिला काय हवे आहे, हे आम्ही सर्वांनी तिच्यासाठी परस्पर ठरवून टाकले होते. हे कबूल करताना मला संकोच वाटतो, पण सांभाळणाऱ्या अनेकांकडून हे घडते, म्हणून लिहिते.

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. पासष्टीपुढील लोकांच्या अनेक अभ्यासांत, ते बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील आहेत, थोडे भरलेल्या अंगाची माणसे बारीक माणसांपेक्षा अधिक जगलेली दिसली आहेत. त्याचा अर्थ म्हातारपणी वजन वाढवावे असा नाही. परंतु वृद्ध माणसाचे वजन आपोआप उतरू लागले, सहा महिने ते वर्षभरात वीसाव्या भागाहून अधिक उतरले, तर ते शुभ समजून पेढे वाटू नयेत. तो डॉक्टरांकडे जाण्याचा इशारा असतो.

मग आईला काय दिले? हाडांचे औषध, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व. गुडघ्यांभोवतीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम. आणि ताटातील बदल. आमच्याकडे ताट म्हणजे भाताचा ढीग आणि वरणाचे चार थेंब. म्हाताऱ्यांना किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने हवीत. साठ किलोला साठ-सत्तर ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवितील. आईची मूत्रपिंडे ठीक होती. भात निम्म्यावर आणला, वरण दाट केले, रोज एक अंडे, वाटीभर दही आणि आठवड्यातून दोन-तीनदा तलावातील मासे. मासे तर तिच्या आवडीचेच. ‘म्हाताऱ्या माणसाला जड’ म्हणून मीच ते बंद केले होते.

सकाळी फिरावयास जा, हा सल्ला आमच्या गावी जसाच्या तसा चालत नाही. पहाटे जंगलाकडेच्या वाटेवर अस्वल भेटू शकते, मोहफुलांच्या दिवसांत तर हमखास. म्हणून ऊन वर आल्यावर तलावाच्या पाळीवरून थोडे चालणे, आणि घरी खुर्चीवरून उठ-बस. सुरुवातीस हात टेकून, मग एका हाताने. व्यायाम आपल्या गावच्या वेळापत्रकात बसवावा लागतो, पुस्तकातल्या नव्हे.

आता माझ्या अठ्ठावीसाकडे. त्याच डॉक्टरांनी, त्याच खुर्चीवर मलाही उठ-बस करावयास लावली. नऊ सेकंद लागले. कंबरेचा घेर ९६ सेंटिमीटर. साखर तीन गोळ्यांनीही आटोक्यात नव्हती, यकृतावर चरबी होती, रात्री घोरणे इतके, की आई पलीकडच्या खोलीतून हाक मारी. स्नायू शाबूत, चरबी पोटावर आणि आजार चार. डॉक्टर म्हणाले, ‘‘बाई, तुमच्या बाबतीत हे औषध विचार करण्याजोगे आहे.’’

त्यांनी आधी जे प्रश्न विचारले, ते तुमच्याही उपयोगी पडतील. थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग घरात कोणाला झाला आहे का? असेल तर हे औषध नाही. स्वादुपिंडास कधी सूज आली होती का? पित्ताशयात खडे आहेत का? मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला आहे का? कारण साखर झपाट्याने उतरली तर तो काही काळ बिघडू शकतो; म्हणून माझी नेत्रतपासणी आधी झाली. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सुरू आहे का? तिच्यासोबत हे औषध घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. माझी ती गोळी पहिल्याच दिवशी निम्मी केली, पुढे बंद केली. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या इंजेक्शनाविषयी अवश्य सांगावे, हेही त्यांनी बजावले. कारण जठर मंद झाल्याने उपाशीपोटीही त्यात अन्न राहिलेले असू शकते.

आमच्या विदर्भातील वाचकांसाठी एक वेगळी सूचना. आपल्या पूर्व भागात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. ज्यांच्या रक्तात हा दोष आहे, त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी फसवी निघू शकते. तुमच्या घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मी गेल्या दिवाळीनंतर सुई सुरू केली. सर्वांत लहान मात्रेने आरंभ, आणि चार-चार आठवड्यांनी पायरी चढणे. पहिले दोन महिने सुखाचे नव्हते. तेलकट वासाने मळमळत असे, बद्धकोष्ठ होई, लग्नाच्या पंगतीत दोन घासांनी हात थांबे आणि वाढणाऱ्यांचा रोष पदरी पडे. न वापरलेले पेन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसकडे झुकतो आणि वीज केव्हाही जाते. म्हणून मी एका वेळी एकच पेन आणते आणि दुकानातून बर्फाच्या डब्यातच घेऊन येते. ही औषधे बाजारात आली तेव्हा महिन्याचा खर्च पाच आकडी होता. किंमत खाली येऊ लागली आहे. तरी निवृत्तिवेतनातून तो भागविणे सोपे नाही. कोणी स्वस्तात, चिठ्ठीविना, घरपोच देत असेल तर त्याच्या वाटेस जाऊ नका.

पाच महिन्यांत माझे वजन साडेसदुसष्टवरून बासष्टवर आले. साखर आटोक्यात आहे, एक गोळी सुटली, आणि आई म्हणते की रात्री आता मी ‘गिरणी’ चालवीत नाही. परंतु मी निश्चिंत नाही. सेमाग्लुटाइडच्या त्याच मोठ्या चाचणीतील काहींनी औषध थांबविल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश पुन्हा चढले. म्हणजे हा चार महिन्यांचा उपास नाही. रक्तदाबाच्या गोळीसारखा दीर्घ काळचा सोबती आहे. किती वर्षे, कोणत्या मात्रेत, कोणत्या खर्चात, हा विचार सुरू करतानाच करावा लागतो. मी दर महिन्यास वजन करते, पण त्याबरोबर खुर्चीवरचे सेकंदही मोजते. वजन उतरावे आणि सेकंद वाढू नयेत, हा माझा हिशेब.

वाचकहो, तुमच्या हाती असा कागद आला तर पाच गोष्टी कराव्यात. आजची उंची आणि जुनी उंची दोन्ही शोधा. तीन सेंटिमीटरहून अधिक घट असेल तर हाडांची तपासणी करवून घ्या. पायांवर सूज आहे का, ते बोटाने दाबून पाहा. टेपने कंबर आणि पोटरी मोजा. खुर्चीवरून पाच वेळा उठण्यास किती वेळ लागतो ते पाहा. पडण्याची भीती असेल तर शेजारी कोणी उभे राहावे. घेत असलेल्या सर्व गोळ्यांची यादी करा. हे सारे घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि ज्याच्यासाठी औषध आहे, त्याला स्वतःला काय हवे ते आधी विचारा.

मुलगा परवा गावी आला होता. आजीचे वजन विचारता झाला. मी म्हटले, ‘‘एकसष्ट. अर्धा किलो वाढले आहे.’’ त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात आई खुर्चीवरून हात न टेकता उठली, आत गेली आणि त्याच्यासाठी माशाच्या कालवणाची वाटी घेऊन आली. पाच वेळा उठण्यास तिला अजून पंधरा सेकंद लागतात. बारा नाहीत. पण माझा खांदा आता तिला रोज लागत नाही.

तिचा कागद मी फाडला नाही. २००३ च्या कार्डाशेजारी, पेटीतच ठेवला आहे. पुढे कोणी तिची उंची विचारली तर दोन्ही दाखविता येतील.